१:५०,००० म्हणजे नेमकं किती उंचीवरून?

टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा पसरलाय, शेजारी संगणकावर गूगल अर्थ उघडं आहे. या टोपोशीटवर, म्हणजे भूरूपदर्शक नकाशावर, एखादी टेकडी जेवढी दिसते तेवढीच पडद्यावर दिसावी, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघता येतील, एवढीच इच्छा आहे. पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअर दाखवतं ती उंची. टोपोशीटवर छापलेलं असतं प्रमाण. मग किती उंचीवर जाऊन थांबायचं?

हा प्रश्न ट्रेकर विचारतात, भूगोलाचे विद्यार्थी विचारतात, नगररचनेत काम करणारेही विचारतात. उत्तरादाखल तयार तक्ते हातोहात फिरत असतात: अमुक प्रमाणाला इतके किलोमीटर. यातले बरेचसे तक्ते बरोबर असतात, पण फक्त ज्याने बनवले त्याच्या संगणकावर. असं का, ते कळलं की तक्ता लागतच नाही.

सुरुवात संगणक बाजूला ठेवून करू. कागदी नकाशा डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरा. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे पन्नास हजार सेंटिमीटर; हा पन्नास हजार म्हणजे प्रमाणाचा छेद. चाळीस सेंटिमीटरला पन्नास हजारांनी गुणलं की २० किलोमीटर येतात. त्या टेकडीच्या बरोबर वर २० किलोमीटर उंचीवर जाऊन सरळ खाली पाहिलं, तर टेकडी डोळ्यात जेवढा कोन व्यापेल, तेवढाच कोन कागदावरचं तिचं चित्र आत्ता व्यापतंय. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण आहेत हे. छोट्या त्रिकोणाचा पाया कागदावर, मोठ्याचा जमिनीवर, आणि दोघांचं टोक डोळ्यात. म्हणजे:

उंची = प्रमाणाचा छेद × डोळ्याचं नकाशापासूनचं अंतर

सगळा विषय या एका ओळीत आहे. पुढची गुंतागुंत या ओळीतले आकडे संगणकावर कुठे लपून बसतात याची आहे.

हवाई सर्वेक्षणवाले हेच सूत्र कितीतरी दशकं वापरत आलेत. त्यांच्याकडे डोळ्याच्या अंतराच्या जागी कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर असतं. फिल्मच्या काळात १५२ मिलिमीटरचं, म्हणजे सहा इंची भिंग आणि २३ सेंटिमीटर बाजूची चौकोनी फिल्म ही नेहमीची जोडी होती. १:१०,००० ची छायाचित्रं हवी असतील तर १५२ मिलिमीटर गुणिले दहा हजार, म्हणजे जमिनीपासून १५२० मीटरवरून विमान न्यायचं. इथे ‘जमिनीपासून’ या शब्दावर बोट ठेवा. विमानाचा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, आणि पुणं आहे ५६० मीटरवर. त्यामुळे पुण्यावर तेच प्रमाण मिळवायला विमान २०८० मीटरवर ठेवावं लागेल. हा फरक गूगल अर्थमध्ये पुन्हा आडवा येणार आहे.

आता संगणकाकडे वळू. कागदी नकाशाचं प्रमाण छापताना कायमचं ठरतं, कारण कागदाचा आकार बदलत नाही. पडद्यावरच्या नकाशाला असा स्वतःचा आकारच नसतो. त्याच्याकडे असतात फक्त पिक्सेल, आणि एक पिक्सेल जमिनीवरचे किती मीटर दाखवतो हा हिशोब. त्यावरून प्रमाण काढायचं तर पिक्सेल मिलिमीटरमध्ये केवढा, हे माहीत हवं. सॉफ्टवेअर ते धरून चालतं. बरीच सॉफ्टवेअर इंचाला ९६ पिक्सेल मानतात, म्हणजे एक पिक्सेल ०.२६४६ मिलिमीटरचा. नकाशासेवांची मानकं ठरवणाऱ्या ओपन जिओस्पेशिअल कन्सोर्शियमने ०.२८ मिलिमीटर धरलाय. तुमच्या पडद्याला या दोघांशी काही देणंघेणं नसतं.

उदाहरणार्थ १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप घ्या. पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद, त्यात १९२० पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा. सॉफ्टवेअर ९६ चा हिशोब धरून खालच्या पट्टीवर १:५०,००० लिहीत असेल, तर फूटपट्टी लावून मोजल्यावर प्रत्यक्षात १:७३,५०० च्या आसपास निघेल. त्यात विंडोजने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून डिस्प्ले १२५ टक्के केला असेल तर आणखी वेगळंच. आणि हाच पडदा प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलात की अंकप्रमाणाला, म्हणजे १:५०,००० अशा आकड्याला, काही अर्थच उरत नाही. म्हणून पडद्यावर विश्वास ठेवायचा तो रेषाप्रमाणावर, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेल्या आखलेल्या पट्टीवर. ती छोटी पट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते. शाळेत तीन प्रकारची प्रमाणं शिकवताना रेषाप्रमाणाचा हा फायदा सांगितला जातो. तो खरा पटतो प्रोजेक्टरसमोर.

प्रोजेक्टरचं उदाहरण जरा ताणून पाहू. मॉनिटरवर ५० सेंटिमीटर रुंदीत १:५०,००० चं चित्र आहे. तेच भिंतीवर ३ मीटर रुंद झालं. चित्र सहापट झालं, म्हणजे प्रमाण १:८,३०० च्या जवळ आलं. पण सॉफ्टवेअर दाखवतंय ती उंची? ती होती तिथेच आहे. सॉफ्टवेअरला भिंत माहीतच नाही. उंची ही सॉफ्टवेअरच्या आतली गोष्ट, प्रमाण ही बाहेरची. एकातून दुसरं काढायचं तर मधला दुवा आपण पुरवायचा असतो.

त्या दुव्याचं एक टोक म्हणजे पडद्याची रुंदी. दुसरं टोक कॅमेऱ्याचा दृश्यकोन, ज्याला तंत्रज्ञ फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. विजेरीचा झोत डोळ्यांसमोर आणा. झोत जितका फाकलेला, तितका जमिनीवरचा उजेडाचा गोल मोठा. सॉफ्टवेअरमधल्या काल्पनिक कॅमेऱ्याचाही असा एक फाकलेपणा ठरलेला असतो. गूगल अर्थच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी आडव्या दिशेने ६० अंश धरतात. सीझियम या त्रिमितीय नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतही मूळ मूल्य ६० अंशच आहे. सरळ खाली पाहताना:

दिसणारी रुंदी = २ × उंची × टॅन (दृश्यकोनाचा अर्धा)

६० अंशांसाठी हा गुणक १.१५५ येतो. उलट फिरवलं तर उंची म्हणजे दिसणाऱ्या रुंदीच्या ०.८६६ पट. मग ५० सेंटिमीटर रुंद मॉनिटरवर १:५०,००० हवं असेल तर पडद्यात २५ किलोमीटर जमीन मावली पाहिजे, आणि त्यासाठी उंची लागेल २१.६५ किलोमीटर.

२१.६५ किलोमीटरला पन्नास हजारांनी भागलं तर ४३.३ सेंटिमीटर येतात. पडद्यापासून बरोबर एवढ्या अंतरावर डोळा ठेवला तर पडदा डोळ्यात ६० अंश व्यापतो. म्हणजे सॉफ्टवेअरने तुमचा डोळा ४३.३ सेंटिमीटरवर आहे असं गृहीत धरलंय, आणि आपण कागदी नकाशावरून काढलेलं सूत्र जसंच्या तसं लागू पडतंय. या अंतराला मी मनातल्या मनात ‘मानलेलं अंतर’ म्हणतो. आपापल्या पडद्यासाठी ते एकदा काढून ठेवलं की बाकी फक्त गुणाकार राहतो. ५० सेंटिमीटरच्या मॉनिटरवर १:१,००० म्हणजे ४३३ मीटर. १:१०,००० म्हणजे ४.३ किलोमीटर. १:२५,००० ला १०.८ किलोमीटर, प्रवासी विमानं साधारण याच उंचीवरून जातात. १:२,५०,००० च्या नकाशासाठी १०८ किलोमीटर, म्हणजे अवकाशाची रूढ हद्द मानतात त्या १०० किलोमीटरच्याही वर. उलट बाजूने, ड्रोनला ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनसाठी खुल्या ठेवलेल्या हद्दीत, १२० मीटरपर्यंत उडवायची मुभा आहे. तिथून याच दृश्यकोनात दिसेल ते १:२८० च्या जवळपास असेल.

लॅपटॉपचा पडदा मात्र ३४.५ सेंटिमीटरचा. मानलेलं अंतर ३० सेंटिमीटरच्या किंचित आत. त्यामुळे तिथे १:५०,००० साठी १५ किलोमीटर पुरतात. मॉनिटरवर जवळपास २२, लॅपटॉपवर १५. तयार तक्ते का फसतात, ते इथे दिसतं.

गूगल अर्थची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती तर दृश्यकोन उघडपणे सांगते, फक्त बघणारा हवा. तिथे पत्त्याच्या ओळीत अक्षांश-रेखांशांनंतर आकड्यांना एकेक रोमन अक्षर चिकटलेलं असतं. ‘ए’ लागलेला आकडा म्हणजे ज्या ठिकाणाकडे पाहतोय त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. ‘डी’ म्हणजे कॅमेरा त्या ठिकाणापासून किती दूर आहे ते. ‘वाय’ म्हणजे दृश्यकोन, आणि तो बहुधा ३५ असतो. मग ‘एच’ दिशा, ‘टी’ झुकाव. ३५ अंश पाहून दचकू नका. तो उभ्या दिशेचा कोन आहे. १६:९ च्या रुंद पडद्यावर त्याचा आडवा कोन साधारण ५८ अंशांवर जातो, म्हणजे डेस्कटॉपच्या ६० च्या शेजारीच. पण दोघांत आडवा-उभा हा घोळ झाला की उत्तर जवळजवळ दुप्पट चुकतं, आणि असा घोळ बराच पाहायला मिळतो.

हा ‘डी’ आणि उंची यांतही गल्लत होते. गूगलने २००४ मध्ये कीहोल ही कंपनी घेतली आणि तिच्या सॉफ्टवेअरमधून पुढच्या वर्षी गूगल अर्थ आलं. गूगल अर्थमधली ठिकाणं आणि दृश्यं जिच्यात साठवतात त्या केएमएल फाइलमधला ‘के’ त्याच कीहोलचा. या फाइलमध्ये दृश्य दोन तऱ्हांनी लिहिता येतं. ‘कॅमेरा’ या तऱ्हेत कॅमेरा स्वतः कुठे आणि किती उंचीवर, ते लिहायचं. ‘लुकअ‍ॅट’ या तऱ्हेत कशाकडे पाहायचं ते ठिकाण आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर, म्हणजे रेंज. सरळ खाली पाहताना रेंज आणि जमिनीपासूनची उंची एकच. कॅमेरा ६० अंशांनी झुकवला की उंची रेंजच्या निम्मी उरते. शिवाय झुकलेल्या दृश्यात प्रमाण नावाची गोष्टच एकसंध राहत नाही. पुढचं मोठं, मागचं लहान. तेव्हा प्रमाण जुळवायचं असेल तर आधी झुकाव शून्य करा. डेस्कटॉप आवृत्तीत ‘आर’ ची कळ दाबली की दृश्य सरळ होतं. जमिनीजवळ जाताना ते आपोआप झुकू नये यासाठी सेटिंगमध्ये वेगळा पर्याय आहे. तोही बघून ठेवा.

आता विमानाच्या उंचीमापकाची गोष्ट. डेस्कटॉप गूगल अर्थ डोळ्याची जी उंची दाखवतं, ती समुद्रसपाटीपासूनची असते. सूत्रातून येते ती जमिनीपासूनची. मुंबईत या दोन्हींत फारसा फरक नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. समजा ५० सेंटिमीटरच्या मॉनिटरवर १:१०,००० साठी ४३३० मीटर हा आकडा पाठ केलाय. मुंबईवर तो चालतो. पुण्यावर त्याच आकड्याला जमिनीपासून ३७७० मीटरच उरतात आणि प्रमाण १:८,७०० होतं. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे त्याच ४३३० वर थांबलात तर तुम्ही गावाच्या जेमतेम ८३० मीटर वर असाल, आणि प्रमाण १:१,९०० च्या आसपास. रस्ता पाहायला गेलात आणि घरांची छपरं दिसू लागली, असा प्रकार. उपाय साधा आहे: सूत्राच्या उत्तरात त्या जागेची उंची मिळवायची. ती पडद्याच्या खालच्या पट्टीवर डोळ्याच्या उंचीशेजारीच लिहिलेली असते.

आणि डोंगराळ मुलखात ‘त्या जागेची उंची’ म्हणजे कोणती? सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटरवर, पुणं ५६० वर. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवरून दोन्ही पाहिलं तर गड डोळ्यापासून १७०० मीटर खाली आणि शहराची पातळी २४४० मीटर खाली. मघाच्याच मॉनिटरवर गडाचं प्रमाण १:३,९०० आणि पायथ्याकडच्या सपाटीचं १:५,६००. एकाच चित्रात दोन प्रमाणं. टोपोशीटवर असं होत नाही, कारण नकाशात प्रत्येक बिंदू त्याच्या थेट वरून पाहिल्यासारखा मांडलेला असतो, एका डोळ्यातून पाहिल्यासारखा नव्हे. म्हणून सह्याद्रीत कमी उंचीवरचं गूगल अर्थचं दृश्य टोपोशीटशी तंतोतंत जुळत नाही आणि जुळवत बसूही नये. २० किलोमीटरवर गेलं की गड-पायथ्याचा हाच फरक चार टक्क्यांच्या आत येतो.

वेबवरच्या साध्या नकाशात उंची नसते, झूम पातळी असते. तिचा हिशोब असा: शून्याव्या पातळीवर सगळं जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात. विषुववृत्ताचा ४०,०७५ किलोमीटरचा परीघ २५६ ने भागला की एका पिक्सेलला १,५६,५४३ मीटर. पुढच्या प्रत्येक पातळीला ते निम्मे होतात. चौदाव्या पातळीवर ९.५५ मीटर, आणि ९६ चा पिक्सेल धरला तर प्रमाण १:३६,११२. पण हे विषुववृत्तावर. वेब मर्केटर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडायची वेबवरची पद्धत, ध्रुवांकडे जाताना सगळं ताणत नेतं, म्हणून खरं प्रमाण काढायला छेदाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. त्याच चौदाव्या पातळीवर पुण्यात १:३४,२०० आणि लंडनमध्ये १:२२,५००. लंडनच्या भाच्याने ‘चौदा झूमवर बघ’ म्हणून सांगितलं आणि इकडे तुम्ही चौदावर पाहिलंत, तरी दोघांना दिसतंय ते वेगळ्याच उंचीवरून. सॉफ्टवेअर नकाशाचं एकक हे खरंखुरं मीटर मानून चालत असेल, तर पुण्यात साडेपाच टक्के आणि लंडनमध्ये साठ टक्क्यांची चूक पदरात पडते.

झूमवरून उंची काढायला इथेही दृश्यकोन लागतोच. मॅपबॉक्स आणि मॅपलिब्रे या लायब्ररींमध्ये तो उभ्या दिशेने ३६.८७ अंश आहे. आकडा विचित्र वाटतो, पण त्याच्या अर्ध्याचा टॅन बरोबर एक तृतीयांश येतो. त्यामुळे हिशोब फार सुटसुटीत होतो: खिडकीत उभी जेवढी जमीन दिसते, कॅमेरा तिच्या दीडपट उंचीवर. फक्त इथला मूळ चौकोन २५६ ऐवजी ५१२ पिक्सेलचा, त्यामुळे यांची तेरावी पातळी म्हणजे इतरांची चौदावी. मॅपलिब्रेमध्ये १०८० पिक्सेल उंच खिडकीत चौदाव्या पातळीवर पुणं पाहिलं तर उभी सुमारे ४.९ किलोमीटर जमीन दिसते, आणि कॅमेरा ७.३ किलोमीटरवर असतो.

खूप वर गेल्यावर सपाट जमिनीचं सूत्र ढिलं पडतं, कारण पृथ्वी कडांपासून खाली वळते आणि पडद्यात सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त जमीन शिरते. १०० किलोमीटरवर हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आहे, दुर्लक्ष करा. १००० किलोमीटरवर तीन टक्के होतो. आणि ६३७१ किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या उंचीवर, गंमत होते: पृथ्वीचा गोळा बरोबर ६० अंश व्यापतो आणि पडद्याच्या डाव्या-उजव्या कडांना टेकतो. सूत्र म्हणतं ७३५६ किलोमीटर जमीन दिसेल. गोलावर मोजली तर ती १३,३०० किलोमीटरच्या वर भरते, आणि कडेची जमीन इतकी तिरपी दिसते की तिथलं प्रमाण विचारण्यात अर्थ नाही. आपल्या कामात मात्र एवढं वर कोण जातं? अख्खा महाराष्ट्र बघायचा तरी हजाराच्या थोडं वर पुरतं. पूर्व-पश्चिम ८०० किलोमीटरसाठी ६९३ किलोमीटर उंची पुरेल असं वाटतं, पण पडदा आडवा आहे आणि दक्षिणोत्तर ७२० किलोमीटरही त्यात बसवायचे आहेत. म्हणून आकडा ११०० कडे जातो.

यातूनच आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. ‘टोपोशीटएवढं दिसू दे’ या मागणीचे दोन अर्थ होतात. वस्तू तेवढ्याच आकाराच्या दिसाव्यात, हा एक. टोपोशीटवरचा सगळा प्रदेश एकदम दिसावा, हा दुसरा. पुणे शहराचा बराचसा भाग येतो ते ४७ एफ/१४ हे पत्रक घ्या. ते १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांशाचं, म्हणजे उभं २७.७ किलोमीटर आणि आडवं २६.४, कागदावर जेमतेम ५५ बाय ५३ सेंटिमीटर. मॉनिटर ५० सेंटिमीटर रुंद असला तरी उंच २८ च आहे. आकार जुळवायचा तर जमिनीपासून २१.६५ किलोमीटर, आणि तेव्हा पत्रकाची अर्धीच उंची पडद्यात येईल. सगळं पत्रक हवं असेल तर ४३ किलोमीटरच्या आसपास, आणि तेव्हा सगळं कागदाच्या निम्म्या आकाराचं दिसेल.

दृश्यकोन माहीत नाही, पिक्सेलचा भरवसा नाही, अशा वेळी सरळ मोजावं. अलिबागच्या किनाऱ्यासारखा समुद्रसपाटीजवळचा सपाट भाग निवडा, झुकाव शून्य करा आणि दहा किलोमीटर उंचीवर थांबा. सॉफ्टवेअरमधल्या मोजपट्टीने दृश्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंतची जमीन मोजा. मग खरी फूटपट्टी पडद्याला लावून तेवढीच रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा. समजा जमीन ११.५५ किलोमीटर भरली आणि पडदा ३४.५ सेंटिमीटर, प्रमाण झालं १:३३,५००. दहा किलोमीटरला या छेदाने भागा, २९.९ सेंटिमीटर येतील. हे तुमच्या पडद्याचं मानलेलं अंतर. कोणत्याही प्रमाणाच्या छेदाला याने गुणा, त्यात जागेची उंची मिळवा, आणि तो आकडा गाठा. खिडकी लहान केलीत, बाजूची पट्टी उघडलीत किंवा दुसरा मॉनिटर जोडलात, तर हे अंतर नव्याने काढायचं. दोन मिनिटांचं काम आहे.